बुफेतला डेटा आणि पैसे वसूल

पीएच.डी.च्या कोर्सवर्कला बसलात की पहिल्याच महिन्यात एक वाक्य हमखास कानावर पडतं: "पेपर क्रिटिकली वाचा." पण ते कसं वाचायचं हे कुणी शेजारी बसून दाखवत नाही. मग आपण काय करतो? पेपरच्या शेवटी लेखकांनीच लिहिलेल्या मर्यादा उचलतो, त्या आपल्या शब्दांत मांडतो, खाली ‘नमुना लहान आहे’ असं जोडतो आणि मोकळे होतो. सेमिनारला टाळ्या मिळतात, पण पेपर वाचलेला नसतो.

आज एक पेपर शेजारी बसल्यासारखा वाचू. विषय कुणालाही कळेल असा आहे: चायनीज बुफेत माणसं कशी जेवतात. तुमचं क्षेत्र मराठी साहित्य असो, रसायनशास्त्र असो की समाजकार्य, यातलं कलम तुम्हाला लागू होणारच आहे. कारण या पेपरच्या पाठोपाठ त्याच लेखकाची दुसऱ्या एका बुफेची गोष्ट येते, आणि त्या गोष्टीच्या मधोमध तुमच्या-माझ्यासारखी एक विद्यार्थिनी उभी आहे.

पेपर काय म्हणतो

ब्रायन वॅन्सिंक आणि कॉलिन पेन यांचा हा पेपर २००८ साली ‘ओबेसिटी’ या नियतकालिकात आला. वॅन्सिंक तेव्हा अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात प्राध्यापक होते. खाण्याच्या सवयींच्या संशोधनातलं ते मोठं नाव होतं. सूपचा वाडगा खालून नळीनं गुपचूप भरत राहिला तर माणूस किती पितो, या त्यांच्या प्रयोगाला २००७ चं इग नोबेल मिळालं होतं. वर्तमानपत्रांना आवडावं असं संशोधन करण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

पद्धत साधी. ‘पाहिजे तेवढं खा’ अशा चायनीज रेस्टॉरंटांत प्रशिक्षित निरीक्षक बसले आणि त्यांनी २१३ ग्राहकांच्या नोंदी केल्या. कोण कुठे बसलं, ताट मोठं घेतलं की लहान, आधी फिरून सगळं बघितलं की थेट वाढून घ्यायला सुरुवात केली, काटा वापरला की चॉपस्टिक, मांडीवर नॅपकिन होता का, एक घास किती वेळा चावला, ताटात किती उरलं. उंची आणि वजनही निरीक्षकांनीच नोंदवलं, म्हणजे डोळ्यांनी अंदाज घेऊन. त्यावरून बीएमआय काढला.

निष्कर्ष असे. ज्यांचा बीएमआय जास्त होता ते मोठं ताट घेण्याची आणि बुफेकडे तोंड करून बसण्याची शक्यता अधिक होती. चॉपस्टिक वापरणं, आधी एक फेरी मारून पदार्थ बघणं, मांडीवर नॅपकिन ठेवणं या गोष्टी त्यांच्यात कमी दिसल्या. कमी बीएमआयवाल्यांनी ताटात सरासरी १०.६ टक्के अन्न सोडलं, जास्त बीएमआयवाल्यांनी ६ टक्के. एक घास पहिल्यांनी सरासरी १४.८ वेळा चावला, दुसऱ्यांनी ११.९ वेळा.

वाचताना मान आपोआप डोलते, नाही? आपल्या घरातही कुणीतरी सांगितलेलंच असतं, सावकाश चावून खा. पटकन पटणारा निष्कर्ष दिसला की तिथेच थांबायचं. पेपर वाचण्याचा पहिला नियम हाच.

तोच पेपर कोपरखैरण्यात

मध्यंतरी फेलोशिप जमा झाली म्हणून मी आप्पांना, म्हणजे वडिलांना, कोपरखैरण्यातल्या एका चायनीज बुफेत घेऊन गेले. आप्पा मूळचे साताऱ्याकडचे. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये त्यांनी माथाडी म्हणून आयुष्य काढलं. इथे सिडकोनं माथाडी कामगारांसाठी घरं बांधली, त्यातलंच आमचं घर. घरून तीन टाकीपर्यंत चालत जाईस्तोवर चायनीजच्या निदान डझनभर गाड्या लागतात, पण बुफे हा प्रकार आप्पांना नवा होता. एकदा पैसे भरायचे आणि मग कुणी विचारत नाही, हे त्यांना पटायलाच पाच मिनिटं लागली. "आणि त्यांना परवडतं?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

त्या दिवशी माझ्या डोक्यात हा पेपर होता, म्हणून मी पेपरातल्या एकेका नोंदीच्या जागी आप्पांना ठेवून बघत गेले.

आधी फेरी. आप्पांनी ताटाला हात न लावता टेबलाची पूर्ण फेरी मारली. प्रत्येक झाकण उचललं, वाकून वास घेतला, हक्का नूडल्सपाशी थोडं रेंगाळले. पेपरच्या हिशेबात हे बारीक माणसाचं लक्षण. आप्पा बारीक आहेतही. पण ते का फिरले? मार्केटमध्ये पोतं उघडून माल बघितल्याशिवाय सौदा होत नाही, ही त्यांची सवय आहे. त्यांच्याच वजनाचा, पण कॉलेजच्या सुटीत घाईत आलेला मुलगा थेट वाढून घेईल.

मग ताट. आप्पांनी मोठं ताट घेतलं. कारण लहान प्लेटा दुसऱ्या टोकाला, गुलाबजामपाशी ठेवल्या होत्या.

बसण्याची जागा. ते बुफेकडे तोंड करून बसले. समोरच्या खुर्चीवर एसीचा झोत थेट मानेवर येत होता आणि त्यांची मान ओझ्यांनी कायमची दुखावलेली आहे. मी झोताखाली बसले, बुफेकडे पाठ करून. कागदावर मी शहाणी ठरले आणि आप्पा मोहात पडलेले.

ताटातलं उरलेलं. शून्य. सॉसचा डागसुद्धा त्यांनी पावानं पुसून घेतला. भिंतीवर पाटी होती, अन्न टाकल्यास जादा पैसे पडतील. पण पाटी नसती तरी त्यांनी टाकलं नसतं. सत्तरीकडे झुकलेल्या, दुष्काळ बघितलेल्या माणसाचं ताट रिकामं असणं आणि वीस वर्षांच्या भुकेल्या पोराचं ताट रिकामं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोजपट्टीला मात्र दोन्हीकडे शून्य दिसतं.

आणि चॉपस्टिक? आख्ख्या हॉलमध्ये एकाच्याही हातात नव्हत्या. काटे होते, चमचे होते आणि सरळ हात होते. ज्या गोष्टीत माणसामाणसांत फरकच नाही, तिचा कशाशीही संबंध काढता येत नाही. अमेरिकेतल्या पेपरचं एक महत्त्वाचं चल इथे आल्याबरोबर बाद झालं. नुसतं चलच नाही, ‘चायनीज’ हा शब्दही बदलला. चिकन मंचुरियन हा पदार्थ नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात पहिल्यांदा केला असं सांगितलं जातं. वांग जन्मानं कोलकात्याचे. म्हणजे आमच्या समोरच्या भांड्यात जे होतं त्याचं गाव चीनपेक्षा चर्चगेटला जवळ. पेपरच्या नावातला शब्द आणि तुमच्या फील्डवरचा शब्द एकच आहे, एवढ्यावरून वस्तू एकच आहे असं धरू नका.

एक आप्पा म्हणजे पुरावा नाही

इथे सावध व्हा. "माझ्या वडिलांचं तसं नाही, म्हणून पेपर चूक" असं मी म्हटलं तर तो युक्तिवाद पेपरपेक्षाही कच्चा ठरेल. २१३ माणसांसमोर एक माणूस उभा करून काही खोडता येत नाही. मग आप्पांचा उपयोग काय?

उपयोग असा, की त्यांच्यामुळे पर्यायी स्पष्टीकरणं दिसायला लागतात. जागा का निवडली गेली, ताट का मोठं, उरलं का नाही, याची चार कारणं माझ्या डोळ्यांसमोर होती आणि त्यातलं एकही वजनाशी जोडलेलं नव्हतं. असं एखादं तिसरं कारण जागा निवडण्यावरही परिणाम करत असेल आणि वजनावरही, तर दोघांत संबंध दिसेल, पण एकामुळे दुसरं झालं असं म्हणता येणार नाही. वय घ्या, कामाचं स्वरूप घ्या, भूक किती वेळाची आहे ते घ्या. पेपर सहसंबंध दाखवतो आणि सहसंबंधापुरता तो बोलतो तिथवर ठीक. पण वाचणाऱ्याच्या मनात लगेच सल्ला तयार होतो: बुफेकडे पाठ करून बसा, लहान ताट घ्या, बारीक व्हाल. या सल्ल्याला त्या नोंदींचा आधार नाही. त्यासाठी कोण कुठे बसेल हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागलं असतं.

दुसरी शंका: जेवणारी माणसं सुटी नसतात. आप्पांनी नूडल्स आणल्या त्या दोघांसाठी. मी सूप आणलं, त्यांनी अर्धं प्यायलं. माझ्या ताटातले मोमो त्यांच्या ताटात गेले. यात कुणाचं किती उरलं? एका टेबलावरच्या चार माणसांना चार स्वतंत्र नोंदी धरलं तर नमुना आहे त्यापेक्षा मोठा भासतो आणि निकाल आहे त्यापेक्षा पक्का. तुमचा अभ्यास वर्गातल्या मुलांचा असो, एका बचत गटातल्या बायकांचा असो की एकाच शेतातल्या रोपांचा, हा प्रश्न तुम्हाला विचारला जाणार आहे.

तिसरी शंका आप्पांनीच काढली. जेवता जेवता मी त्यांना पेपर सांगत होते. वजन डोळ्यांनी ठरवलं म्हटल्यावर त्यांचा घास थांबला. "नुसतं बघून वजन? काटा नव्हता?"

"कुणाला काट्यावर कसं उभं करणार आप्पा, जेवायला आलेत लोक."

"मग अंदाज म्हणा. वजन कशाला म्हणता?"

आयुष्यभर पोती वाहिलेल्या माणसाला हे सुचावं यात नवल नाही. पण बघा, हा आक्षेप किती आत जातो. जो निरीक्षक वजनाचा अंदाज बांधतोय त्यालाच समोरच्याचं भरलेलं ताटही दिसतंय. मोठं ताट बघून अंदाज दोन किलोनं वर सरकला, तर ताट आणि वजन यांचा संबंध त्या हॉलमध्ये नाही, निरीक्षकाच्या डोक्यात तयार झालाय. म्हणून मोजणाऱ्यापासून दुसरी माहिती झाकून ठेवायची असते. मुलाखतींचं कोडिंग करणाऱ्यांनाही हेच लागू. कोणती मुलाखत कोणत्या गटातली हे माहीत असेल तर हात नकळत वळतो.

दुसरा बुफे

आता मूळ गोष्टीकडे. २१ नोव्हेंबर २०१६ ला वॅन्सिंक यांनी स्वतःच्या ब्लॉगवर एक लेख लिहिला. विषय होता, कधीही ‘नाही’ न म्हणणारी विद्यार्थिनी. तरुण संशोधकांना प्रेरणा मिळावी हा हेतू.

गोष्ट अशी. त्यांच्या गटानं एका इटालियन रेस्टॉरंटच्या पिझ्झा बुफेत अभ्यास केला होता. काही ग्राहकांकडून ८ डॉलर घेतले, काहींकडून ४. जास्त पैसे मोजले की माणूस ते वसूल करायला जास्त खातो का, अशा धर्तीचा प्रश्न. अपेक्षित फरक आला नाही. नल रिझल्ट. त्याच सुमारास तुर्कस्तानातून एक पीएच.डी.ची विद्यार्थिनी त्यांच्याकडे विनावेतन आली. त्यांनी तो डेटा तिच्यासमोर ठेवला आणि सांगितलं की हे गोळा करायला आमचा वेळ आणि पदरचे पैसे गेलेत, यात काहीतरी वाचवण्यासारखं असलंच पाहिजे.

थोडं थांबा आणि हे पुन्हा वाचा. बुफेत पैसे भरलेला माणूस पोट भरल्यावरही उठत नाही, कारण पैसे वसूल करायचे असतात. अभ्यास याच वृत्तीचा होता. आणि अभ्यास फसल्यावर प्राध्यापकांनी डेटाबाबत नेमकं तेच केलं. पैसे गेलेत, आता वसूल झाल्याशिवाय उठायचं नाही.

ही वसुली कशी करायची याच्या सूचना नंतर बाहेर आल्या. २०१८ च्या फेब्रुवारीत ‘बझफीड’च्या पत्रकार स्टेफनी ली यांनी या गटाचे ईमेल प्रसिद्ध केले. विद्यार्थिनी येण्याआधीच तिला कळवलं होतं की डेटाचे तुकडे करून बघ: पुरुष वेगळे, बायका वेगळ्या, दुपारचे, रात्रीचे, एकटे बसलेले, जोडीनं आलेले, गटानं आलेले, दारू मागवणारे, बुफेजवळचे, बुफेपासून लांबचे. कुठेतरी काहीतरी मिळेल.

मिळतंच. गणित बघा. कशाचाच कशाशी संबंध नसलेला डेटा घ्या आणि ५ टक्क्यांच्या पातळीवर एक चाचणी करा. चुकून ‘संबंध आहे’ असं दिसण्याची शक्यता ५ टक्के. एकमेकींशी संबंध नसलेल्या अशा २० चाचण्या करा. निदान एकीत तरी काहीतरी ‘सापडण्याची’ शक्यता ६४ टक्के होते. वरची यादी पुन्हा मोजा. दहा तुकडे झाले. प्रत्येक तुकड्यात किती खाल्लं, चव कशी वाटली, नंतर पश्चात्ताप झाला का असे चार प्रश्न विचारले तरी चाळीस चाचण्या होतात. पेपरात त्यातल्या ज्या जमल्या तेवढ्याच छापल्या तर वाचणाऱ्याला उरलेल्यांचा पत्ताच लागत नाही.

या डेटातून चार पेपर निघाले. त्यातल्या एकाचा निष्कर्ष असा की बायकांसोबत जेवताना पुरुष ९३ टक्के जास्त पिझ्झा खातात. बातमी व्हायला अगदी योग्य.

कुणी पकडलं

ब्लॉग वाचून ज्यांचे कान टवकारले त्यांतल्या तिघांनी ते चार पेपर काढून तपासायला घेतले: टिम व्हॅन डर झी, जॉर्डन अनाया आणि निक ब्राउन. त्यातले व्हॅन डर झी आणि ब्राउन हे दोघं स्वतः तेव्हा पीएच.डी. करत होते. मूळ डेटा त्यांच्याकडे नव्हता, फक्त छापलेले तक्ते होते. जानेवारी २०१७ मध्ये त्यांनी आपलं टिपण मांडलं. चार पेपरांत मिळून सुमारे १५० विसंगती.

तक्त्यावरून चूक कशी कळते? त्यांनी वापरलेली एक युक्ती तुम्हाला आज संध्याकाळी वापरता येईल. तिला ग्रिम चाचणी म्हणतात. ब्राउन आणि जेम्स हेदर्स यांनी ती मांडली. माझ्या मनचं उदाहरण देते. समजा तक्त्यात लिहिलंय की १८ जणांनी चवीला १ ते ९ पैकी पूर्णांकात गुण दिले आणि सरासरी ३.४७ आली. १८ पूर्णांकांची बेरीज पूर्णांकच असणार. बेरीज ६२ असेल तर सरासरी ३.४४. बेरीज ६३ असेल तर ३.५०. मधलं काही शक्यच नाही. म्हणजे ३.४७ ही संख्या कुठल्याही १८ माणसांनी मिळून देता येणार नाही. एकतर माणसं १८ नव्हती, किंवा टायपिंग चुकलंय, किंवा आणखी काही. युक्तीला मर्यादा आहेत. गुण पूर्णांकात हवेत, आणि दोन दशांश स्थळांची सरासरी असेल तर माणसं शंभरापेक्षा कमी हवीत. पण लागते ती फक्त भागाकाराची तयारी.

पुढचं थोडक्यात. पेपर मागे घेतले जाऊ लागले. १९ सप्टेंबर २०१८ ला ‘जामा’ समूहाच्या नियतकालिकांनी वॅन्सिंक यांचे सहा पेपर एकाच दिवशी रद्द केले. दुसऱ्या दिवशी कॉर्नेलनं जाहीर केलं की चौकशीत शैक्षणिक गैरवर्तन आढळलं आहे. जून २०१९ अखेर त्यांचा राजीनामा अमलात आला.

‘नाही’ म्हटलं असतं तर

ही गोष्ट सांगून झाली की सेमिनारमध्ये सगळे एकच धडा काढतात: विद्यार्थ्यानं ठामपणे नाही म्हणायला हवं. माझा खरा आक्षेप या धड्यावर आहे.

आप्पांनी ऐकून विचारलं होतं, "तिनं न्हाई म्हटलं असतं तर तिचं काय झालं असतं?" याचं उत्तर त्या ब्लॉगमध्येच आहे. तोच डेटा आधी एका पगारी पोस्टडॉकला देऊ केला होता. तो कुठे छापून येईल याची खात्री नाही म्हणून त्या व्यक्तीनं नकार दिला. वॅन्सिंक लिहितात की ती व्यक्ती वर्षभरानंतर गेली, शिक्षणक्षेत्रही सोडलं, आणि तिचे पेपर या विद्यार्थिनीच्या तुलनेत अगदी थोडे झाले. विद्यार्थिनीचा मात्र सहा महिन्यांत एक पेपर स्वीकारला गेला होता आणि चार रांगेत होते. लेखाचा बोध असा की बघा, नाही म्हणणाऱ्याचं काय होतं.

म्हणजे दोन्हीकडून कोंडी. हो म्हटलं तर नावावर पेपर येतात आणि पुढे तेच पेपर गळ्यात अडकतात. नाही म्हटलं तर आपण नालायक. परक्या देशात, पगाराशिवाय, दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत बसलेल्या मुलीला "ठाम राहा" असं सांगणं सोपं आहे. तुमच्यातले कितीतरी जण सारथी, बार्टी, महाज्योतीच्या फेलोशिपवर असतील, घरातले पहिले पदवीधर असतील. प्रगती अहवालावर गाईडची सही लागते. गावाकडे "अजून झालं नाही का?" विचारणारे असतात. अशा माणसाच्या ‘नाही’ची किंमत प्राध्यापकाच्या ‘नाही’पेक्षा कितीतरी जास्त आहे. त्या प्रकरणावर लिहिताना अनेकांनी विद्यार्थिनीला भोळी ठरवलं. डेटा कुणाचा होता, सूचना कुणाच्या होत्या आणि ताकद कुणाकडे होती, हे आधी विचारलं पाहिजे.

म्हणून मी तुम्हाला ‘नाही म्हणा’ असं सांगणार नाही. नाही म्हणायची वेळ कमी यावी यासाठी हाताशी काय ठेवता येईल ते सांगते.

एक. डेटा गोळा करण्याआधी एक पान लिहा. मुख्य प्रश्न कोणता, मुख्य मोजमाप कोणतं, किती जण घेणार, कोणती चाचणी करणार. तारीख टाका आणि गाईडना ईमेल करा. ‘ओपन सायन्स फ्रेमवर्क’वर ते मोफत नोंदवताही येतं. उद्या कुणी म्हणालं की प्रश्नच बदलू, तर तुम्हाला वाद घालावा लागत नाही. ते पान तुमच्या वतीनं बोलतं.

दोन. प्रत्येक विश्लेषणाची वही ठेवा. काय केलं, कधी केलं, काय निघालं. न जमलेलंही लिहा. चाळीस चाचण्या केल्या असतील तर पेपरात ‘चाळीस केल्या’ असं लिहायची सोय त्यामुळेच होते.

तीन. डेटा उलटापालटा करून बघणं हे पाप नाही. कितीतरी चांगले प्रश्न तिथूनच मिळतात. पाप आहे ते शोधताना सापडलेलं आधीच ठरवून तपासल्यासारखं लिहिणं. म्हणून गाईडनी "अजून खणून बघ" म्हटलं, तर एवढंच म्हणा: "हो सर, बघते. जे सापडेल ते शोधात्मक म्हणून वेगळ्या भागात लिहू आणि नव्या नमुन्यावर पडताळू." यात नकार नाही, अपमान नाही, आणि ज्यांना काम नीट व्हायला हवंय त्या गाईडना यावर हरकत घेण्यासारखं काही नाही. ज्यांना हरकत असेल त्यांच्याबद्दलही तुम्हाला वेळेत काहीतरी कळेल.

चार. नल रिझल्ट लिहायला शिका. ‘फरक नाही’ आणि ‘फरक आढळला नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसरं वाक्य लिहा आणि पुढे सांगा की तुमच्या नमुन्यात किती मोठा फरक असता तर दिसला असता. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीनं प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापण्याची सक्ती काढली आहे. अपेक्षा अनेक ठिकाणी अजून आहेच, पण निदान ‘नियमच आहे’ या नावाखाली फसलेल्या डेटातून पेपर पिळण्याचं कारण उरलेलं नाही.

माझ्याही प्रबंधातल्या एका प्रकरणाचा निकाल ‘फरक आढळला नाही’ असाच आहे. तीन वर्षांचं काम आहे ते. त्यात बाई-पुरुष, शहर-गाव, लहान-मोठे असे तुकडे पाडायचा मोह रोज होतो. दुसरं कुणी सांगायचीही गरज नसते, आपलेच गेलेले कष्ट मागे लागतात. ते प्रकरण जसं आहे तसंच जाणार आहे. व्हायवाला त्यावर काय बोललं जाईल ते तेव्हा कळेल.

आता तुमच्यासाठी काम. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ज्या पेपरवर सगळ्यात जास्त भिस्त आहे तो काढा. तीन गोष्टी करा. त्यातल्या एका तरी तक्त्यावर ग्रिम चाचणी लावून बघा, जिथे लागते तिथे. मुख्य मोजमाप कुणी घेतलं आणि त्याला दुसरी कोणती माहिती दिसत होती ते शोधा. आणि तुमच्या घरातलं एखादं माणूस त्या अभ्यासात असतं तर त्यानं तसं का केलं असतं, याची निदान तीन कारणं लिहा, ती त्याला विचारून. ही तीन उत्तरं एका पानात बसतात. तेवढं पान घेऊन सेमिनारला गेलात तर ‘नमुना लहान आहे’ म्हणायची वेळ येणार नाही.